अपाचे हॉपमध्ये फाइली कुठे ठेवायच्या

मंडळी, अपाचे हॉप हे डेटा एकीकडून दुसरीकडे नेण्याचं आणि वाटेत बदलण्याचं साधन. त्यात पाइपलाइन, म्हणजे डेटावरच्या पायऱ्यांची साखळी, कशी बांधायची हे बरेच जण शिकवतात. ती दुसऱ्या मशिनवरही चालावी म्हणून फाइली कशा मांडायच्या, हे मात्र राहून जातं. आज तेवढंच बोलू.

हॉप निघालं ते केटल या जुन्या डेटा साधनातून. केटलमध्ये सगळ्या प्रोजेक्टांचे व्हेरिएबल्स (मूल्यांना दिलेली नावं) होम डिरेक्टरीतल्या एकाच प्रॉपर्टीज फाइलमध्ये असत. दोन प्रोजेक्टांनी सर्व्हरसाठी एकच नाव वापरलं की गोंधळ ठरलेला. हॉपने प्रोजेक्ट आणि एन्व्हायर्नमेंट (तो जिथे चालतो तिथली मूल्यं) वेगळे केले. माझ्या मते केटल सोडण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

प्रोजेक्ट म्हणजे साधं फोल्डर. त्यात पाइपलाइन, वर्कफ्लो (पाइपलाइनी क्रमाने चालवणारी फाइल), प्रोजेक्टची कॉन्फिग फाइल आणि मेटाडेटा फोल्डर. डेटाबेस कनेक्शन, रन कॉन्फिगरेशन (पाइपलाइन कशी चालवायची ते) हे सगळं मेटाडेटामध्ये जेसॉन फाइलींच्या रूपात बसतं. हे पूर्ण फोल्डर गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) जाऊ द्या. कनेक्शनमध्ये मात्र सर्व्हर, युजर आणि पासवर्डच्या जागी व्हेरिएबल्सच लिहा. त्यांची खरी मूल्यं एन्व्हायर्नमेंटच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर. पासवर्डपुढे ‘एन्क्रिप्टेड’ लिहिलेलं दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. मूळ सेटिंगमध्ये ती नुसती झाकपाक असते, सहज उलगडते.

आता फाइलींच्या मार्गांकडे (पाथकडे) या, कारण खरी पडझड इथे होते. ब्राउझ करून फाइल निवडली, की हॉप स्वतःच मार्गाच्या सुरुवातीला ‘प्रोजेक्ट होम’ हे व्हेरिएबल घालतं. मार्ग बाहेरून कॉपी करून चिकटवला तर घालत नाही. मग ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होणारा मार्ग तुमच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो आणि लिनक्स सर्व्हरवर पडतो. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, म्हणून फाइलींची नावं सगळी स्मॉलमध्ये ठेवा. पाइपलाइनचं नाव बदललंत तर तिला बोलावणाऱ्या वर्कफ्लोतला मार्गही बदलायला हवा. या फाइली एक्सएमएल, म्हणजे मजकुराच्या, असल्याने जुनं नाव सगळ्या फोल्डरमध्ये सर्चने शोधता येतं. ते शोधल्याशिवाय कमिट करू नका, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवू नका.

कॅनव्हासवर (पाइपलाइन आखायच्या जागेवर) एखादा ट्रान्सफॉर्म, म्हणजे तिची एक पायरी, जरासा सरकवला तरी फाइलमधले त्याच्या जागेचे आकडे बदलतात आणि गिटमध्ये बदल दिसतो. मांडणी नीट करायची असेल तर वेगळ्या कमिटमध्ये करा, म्हणजे तपासणाऱ्याला खरा बदल हुडकत बसावं लागणार नाही.

अनेक प्रोजेक्टांत तीच कनेक्शन्स लागत असतील तर एक पॅरेंट प्रोजेक्ट करा. त्याचा मेटाडेटा आणि व्हेरिएबल्स खालच्या प्रोजेक्टांना मिळतात.

हॉपची नवी आवृत्ती उघडली आणि प्रोजेक्टांची यादी रिकामी दिसली, तर घाबरू नका. प्रोजेक्ट जागच्या जागी असतात. यादी तेवढी जुन्या आवृत्तीच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये राहिलेली असते. ते फोल्डर इन्स्टॉलेशनबाहेर ठेवा आणि ‘हॉप कॉन्फिग फोल्डर’ हे सिस्टिमचं व्हेरिएबल त्याकडे वळवा.

शेवटी चाचणी. दुसऱ्या मशिनवर रेपो क्लोन करा (गिटमधल्या प्रोजेक्टची प्रत उतरवा), प्रोजेक्ट आणि एन्व्हायर्नमेंट नोंदवा आणि ‘हॉप-रन’ या कमांडला प्रोजेक्ट, एन्व्हायर्नमेंट, फाइल व रन कॉन्फिगरेशन देऊन चालवा. लॉगमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस जसेच्या तसे दिसले, तर त्या व्हेरिएबलला मूल्य मिळालेलं नाही. आधी एन्व्हायर्नमेंटच्या फाइलमधलं त्याचं स्पेलिंग पाहा.