एचआयव्ही नववीत, पण सुरुवात पाचवीत

(मुख्याध्यापक आणि विज्ञानशिक्षकांच्या तालुका मेळाव्यातील व्याख्यान. शब्दांकन करताना थोडे संपादन केले आहे.)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेत माझा विषय छापलाय ‘शाळेत एड्स प्रतिबंध’. लैंगिक शिक्षण त्यातून गळलंय आणि ते छपाईच्या चुकीनं गळलेलं नाही, हे तुम्हीही जाणता. मी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी करणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशक आहे. माझ्यासमोर येणाऱ्या माणसाला एचआयव्ही कसा झाला हे लैंगिक संबंधांचं नाव न काढता समजावायला मला अजून जमलेलं नाही. तुम्हालाही वर्गात जमणार नाही. म्हणून आज दोन्ही बोलतो.

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, आपण काय करतो? प्रभातफेरी, रांगोळी, घोषवाक्यं आणि कवटी-हाडांची पोस्टरं. फेरी संपल्यावर नववीतल्या पोराला विचारा, एचआयव्ही कशानं होतो? ‘असुरक्षित संबंधांतून’, धडाधड उत्तर येतं. मग विचारा, असुरक्षित म्हणजे काय रे? मान खाली. कवटी मात्र त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते, म्हणजे आपण त्याला आजाराची माहिती न देता आजारी माणसाची भीती दिली. मोठ्यांचंही वेगळं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, एचआयव्हीचं परिपूर्ण ज्ञान असलेल्या स्त्रिया निघाल्या २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के. यातल्या ‘परिपूर्ण’ला बिचकू नका. कंडोमनं आणि एकाच निरोगी, एकनिष्ठ जोडीदारानं धोका कमी होतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही एचआयव्ही असू शकतो आणि डासानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही, साधारण एवढंच त्यात अपेक्षित आहे.

२००५ मध्ये केंद्रानं नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, साथीनं किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये आपल्या विधिमंडळात त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला, महाराष्ट्रानं तो थांबवला, इतर काही राज्यांनीही थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला. गंमत बघा, याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचं मासिक काढलं, त्यावर खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. ऐंशी वर्षांनी आपण पुन्हा चित्रांवरच अडलो. तरी माझं मत सांगतो, विरोध करणारे सगळे मागास नव्हते. पालकांना न विचारता, शिक्षकाला नीट तयार न करता त्याच्या हातात तक्ते दिले तर तो घाबरणारच. कार्यक्रमाचा आशय चुकीचा नव्हता, तो शाळेत आणायची रीत चुकली.

‘मुलं बिघडतील’ हा आक्षेप आजही येतो. युनेस्कोनं २०१८ च्या मार्गदर्शिकेसाठी देशोदेशीचे अभ्यास तपासले, त्यांत अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं दिसलं नाही. आणि आपण गप्प बसलो म्हणून शिकवणी थांबलेली नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ रंगवलेलं असतं, ते पोरं रोज वाचतात. उरलेलं मोबाइल शिकवतो.

आता वर्गाचं बोलू. पाचवीत शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, नको असलेला स्पर्श आणि तो कोणाला सांगायचा, एवढं पुरे. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाची नोंद केली होती. त्यामुळे ‘पाचवीत कशाला?’ हा प्रश्न मला कळत नाही. मूल तुम्हाला असं काही सांगेल तेव्हा पोक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, संस्थाचालकांना विचारत बसू नका. सहावी-सातवीत पाळी आणि स्वप्नावस्था (झोपेत वीर्य बाहेर येणं), दोन्ही सुरू व्हायच्या आधी, आणि पाळीबद्दल मुलग्यांनाही. नववीत एचआयव्ही. दहावीला बालभारतीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहेच, फक्त तो ‘घरी वाचून या’ म्हणून सोडू नका. इथे काही जण हसले, म्हणजे ओळख पटली.

नववीत सुरुवात पेटीनं करा. बिननावाच्या चिठ्ठ्या, सगळ्यांनी टाकायच्या, ज्याला प्रश्न नाही त्यानं ‘प्रश्न नाही’ लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. प्रश्न कसे येतात? ‘डासानं मलेरिया होतो मग एचआयव्ही का नाही?’ हा मुलगा वर्गातला सगळ्यात हुशार समजा. त्याला सांगायचं की डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, रक्ताबरोबर पचून जातो आणि चावताना डास आधी प्यायलेलं रक्त सोडत नाही, लाळ सोडतो. ‘न्हाव्याच्या वस्तऱ्यानं?’ धोका नगण्य, पण पातं नवीनच मागा, हिपॅटायटिस बी ही कावीळ त्यातून होऊ शकते. ‘हातानं केल्यानं अशक्तपणा येतो का, एड्स होतो का?’ नाही आणि नाही. हे उत्तर शांतपणे दिलंत तर भिंतीवरच्या वैद्याचं निम्मं गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

आणि एक चिठ्ठी हमखास येते: ‘एकदाच केलं तर?’ तिथे आवाज चढवू नका. एकदाही पुरतं, समोरच्याकडे बघून कळत नाही, कंडोम नीट वापरला तर धोका खूपच कमी होतो, हे सांगा. संशय असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठलं तर प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. नंतर आयसीटीसीत तपासणी मोफत आहे, पण लगेचची निगेटिव्ह चाचणी शेवटची मानायची नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. अठराच्या आत पालकांची संमती लागते. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. फळ्यावर लिहा तो आकडा, पुसू नका.

तुमच्या वर्गात एखादं मूल जन्मापासून एचआयव्हीसह जगत असेल आणि तुम्हाला ते माहीत नसेल. माहीत असायची गरजही नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्याला प्रवेश नाकारता येत नाही आणि संमतीशिवाय त्याची माहिती कुणाला सांगता येत नाही. स्टाफरूममध्ये कुजबुजीतसुद्धा नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित घेतली तर ते मूल जवळजवळ तुमच्या-माझ्याइतकं जगू शकतं आणि पुढे रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की संबंधांतून जोडीदाराला संसर्गही होत नाही. हेही नववीतच सांगा, नाहीतर कवटीचं पोस्टर त्याच मुलाला रंगवायला लावाल.

कोण शिकवणार, हे मघाशी एका सरांनी विचारलं. माझ्यासारख्याला वर्षातून एकदा बोलावून भागत नाही, मी गेल्यावर मुलांना दुसरा प्रश्न सुचतो. विज्ञानाच्या बाई असोत वा खेळाचे सर, ज्याच्याशी पोरं बोलतात त्याला द्या आणि दोन दिवस आमच्या केंद्रात पाठवा. पण त्याआधी जूनमध्ये पालकसभा घ्या. वर्षभर काय शिकवणार ते सगळे कागद टेबलावर मांडा, आयांना आधी वाचू द्या.