पाळक गावातच थांबले

नमस्कार श्रोतेहो. आज पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या कामाबद्दल बोलायचंय, त्यातही आत्मिक कामाबद्दल. वचन शिकवणं, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, दफनविधी हे मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत वाढलेल्या माणसाला काय वेगळं सांगायचं, तुम्हाला माहितीच आहे. माझं म्हणणं एकच. पाळकाने आधी लोकांसोबत राहायचं, उपदेश त्यानंतर. परत सांगतो, आधी सोबत राहायचं, मग उपदेश.

आणि यासाठी मला ईम गावाची गोष्ट सांगायचीच आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागातलं हे छोटंसं गाव. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग चालू होता आणि तिथून इथल्या शिंप्याकडे कापड आलं, त्याच्यासोबत पिसवा आल्या असं मानतात. सप्टेंबरमध्ये त्या शिंप्याकडे काम करणारा जॉर्ज व्हिकर्स प्लेगने गेला आणि मग घरामागून घर. थंडीत साथ जरा ओसरली, पण १६६६च्या उन्हाळ्यात परत उसळली आणि लोक गाव सोडायच्या तयारीला लागले.

तिथले पाळक विल्यम मॉम्पेसन, तिशीच्या आतले, गावात नवीन, लोकांचा त्यांच्यावर अजून भरवसा बसला नव्हता. लोक मानायचे आधीच्या थॉमस स्टॅन्लींना, ज्यांना सगळ्या चर्चमध्ये ठरवून दिलेलं प्रार्थनापुस्तकच वापरायचं हा १६६२चा कायदा मान्य नाही म्हणून पद सोडावं लागलं होतं. दोघांच्या मतांचा मेळ बसणं अवघड. तरी मॉम्पेसन त्यांच्याकडे गेले, आणि दोघांनी मिळून गावाला सांगितलं की कुणी बाहेर जायचं नाही, आपण गेलो तर रोग शेजारच्या गावांत जाईल. आपल्याकडे मात्र जुने पाळक आणि नवे पाळक एका स्टेजवर बसायला तयार नसतात. असो.

तर गाव थांबलं. चर्च बंद केलं आणि उपासना उघड्यावर, कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी. डेव्हनशरचे अर्ल धान्य पाठवायचे, ते गावाच्या हद्दीवर ठेवलं जायचं आणि लोक पैसे दगडातल्या खळग्यात व्हिनेगर घालून त्यात ठेवायचे. आणि दफन ज्याचं त्याने करायचं, आपल्याच शेतात, अंगणात. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. आठ दिवसांत सात जणं.

म्हणजे बघा, चर्च नाही, दफनविधी नाही, पाळकाच्या हातात उरलं काय? माणसांपर्यंत जाणं आणि प्रार्थना करणं. मॉम्पेसन तेच करत राहिले. स्वतःची दोन मुलं त्यांनी आधीच बाहेर पाठवली होती, त्यावरून त्यांना कोणी बोल लावला तर मी लावणार नाही, लेकरांसाठी बापाचा जीव तुटतोच. बायको कॅथरिन मात्र नवऱ्याजवळ थांबली आणि ऑगस्टमध्ये प्लेगनेच गेली. त्यानंतरही ते गावातच. नोव्हेंबरपर्यंत साथ संपली, तोवर साधारण २६० माणसं गेली होती, पण शेजारची गावं वाचली.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आणि मजुरीवरचा माणूस यांतला फरक येशूने सांगितलाय, लांडगा आल्यावर पळतो तो मजुरीवरचा. रविवारचा उपदेश उत्तम असावा, नक्की असावा, पण ज्या पाळकांना कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे, कुणाचा मुलगा दारूला लागलाय, कुठली म्हातारी उपासनेला येऊ शकत नाही हे माहीत नाही त्यांनी उपदेश कुणाला करायचा? प्रोजेक्टर नंतर घ्या, साउंड सिस्टीम नंतर घ्या, आधी गृहभेटी. आधी गृहभेटी.

आणि मंडळीलाही एक सांगायचंय. याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात लिहिलंय की आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना बोलवावं. बोलवावं, म्हणजे निरोप आपण द्यायचा. घरी कुणी आजारी असलं तर पाळकांना कळेल कधीतरी म्हणून बसू नका आणि नंतर ते आलेच नाहीत म्हणून रुसू नका, आजच फोन लावा, आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल तर त्यांच्यासाठीही तुम्हीच लावा.