टॅपेट सेट केले, तरी टकटक का जात नाही?

नमस्कार मंडळी! आधी हा आवाज ऐका.

(इंजिन चालू. मोबाईल टॅपेट कव्हरजवळ.)

टक टक टक. हलका, पातळ आवाज, म्हणजे वरचा, हेडमधला, जिथं वॉल्व्ह असतात. बेअरिंगचा आवाज खालून येतो आणि घण घातल्यासारखा जड असतो.

गाडी निफाडकडच्या एका दादांची. जुनी डिझेल पिकअप, पुशरॉडवाली (कॅमशाफ्ट खाली, वॉल्व्ह वर, आणि मधे जोर वर नेणारे दांडे), 2 लाख 80 हजार किलोमीटर झालेली. सीझनला द्राक्षं, एरवी कांदा, आणि कसारा घाट उतरून वाशी मार्केट. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हमधला गॅप, दोनदा सेट करून झाले. दुसऱ्यांदा तर मीच केले. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, बरोबर बसत होतं, आवाज मात्र तिथंच. दादा म्हणाले, "राहू द्या हो, तुम्हालाही जमत नाही." लागलं मनाला. मग सगळं उघडलं.

(रॉकर हातात. कॅमेरा अगदी जवळ.)

हा बघा रॉकर. पुशरॉड याचं एक टोक वर ढकलतो, दुसरं टोक वॉल्व्ह दाबतं. हे वॉल्व्हच्या दांड्यावर टेकतं ते तोंड. इथं सपाट पाहिजे, पण वाटीसारखा खड्डा पडलाय. नख फिरवलं की कडेला अडकतं. फिलर गेजची पट्टी या खड्ड्यापेक्षा रुंद, त्यामुळे ती दोन्ही काठांवर पूल टाकल्यासारखी बसते. समजा पट्टी 0.30 मिलिमीटरची आणि खड्डा 0.15 खोल. तुम्हाला वाटतं गॅप 0.30, खरा आहे 0.45. इथंच मी फसलो.

झिजणार नाही तर काय होणार? सरासरी 50 चा वेग आणि 2000 आरपीएम धरा. 2 लाख 80 हजार किलोमीटरला 5600 तास होतात. वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्यानं फिरतो, म्हणजे मिनिटाला 1000 ठोके. एकेका रॉकरनं साडेतेहतीस कोटींहून जास्त ठोके मारलेत!

पण आठांपैकी शेवटचे दोनच एवढे का खाल्ले? रॉकर ज्या दांड्यावर बसतात, त्या रॉकर शाफ्टची ऑइलची भोकं बघा, काळ्या चिकट मळीनं बुजलीत. ऑइल पोचलंच नाही. दादा ऑइल बदलतात हो, पण "एवढा सीझन निघू दे" म्हणत म्हणत. भोकं साफ न करता नुसते नवे रॉकर टाकले, तर तेही असेच जातील. शाफ्टलाही खालच्या बाजूनं पायरी पडलीय, म्हणून शाफ्टही नवा.

खोलताना शाफ्टचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं सैल करायचे. खाली स्प्रिंगचा जोर असतो, एक बाजू एकदम सोडली तर शाफ्ट वाकतो. पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी परत गेले पाहिजेत. आपल्याकडे द्राक्षाच्या पेट्यांना काय तोटा? पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा, नंबर टाका, खोचून ठेवा. प्रत्येक रॉड काचेवर लोळवून बघा. वाकडा असेल तर डुलतो. आणि कॅमशाफ्ट नवा टाकायची वेळ आली, तर त्याच्यावर जुने टॅपेट, म्हणजे कॅम आणि पुशरॉडमधले भाग, कधीच वापरू नका. जुन्या घासलेल्या तोंडानं नवा कॅम खाल्लाच म्हणून समजा.

बसवताना सगळ्याला ऑइल चोळायचं. मग सेटिंग: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह डुलले (एक मिटत असतानाच दुसरा उघडायला लागला) की पहिल्याचे सेट करायचे. गॅपचा आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या, शेजारच्या गाडीचा नको. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याचा गॅप बहुधा थोडा जास्त असतो.

सीएनजी रिक्षावाल्यांनो, तुमचं दुखणं उलटं. सीट झिजून वॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होतो. आवाज येतच नाही, आणि एक दिवस वॉल्व्ह जळलेला सापडतो. तुमची गाडी शांत असली तरी गेज लावून घ्या.

(इंजिन चालू. मोबाईल पुन्हा कव्हरजवळ.)

ऐका आता. आहे ना हलकीशी टिकटिक? तेवढी राहणारच, गॅप ठेवलाय ना आपण. दादांना 1000 किलोमीटरवर परत बोलावलंय, नवे भाग बसले की गॅप पुन्हा बघायचा. आणि येताना ऑइलचा डबा घेऊनच या म्हटलंय.