कोठार रिकामं करून आलेले पैसे

मंडळी, आज मी एकाच शेताचं एकच वर्ष तुमच्यापुढे मांडणार आहे. शेत काल्पनिक आहे आणि आकडे सोयीसाठी लहान घेतलेत. ते लाखांत समजा, चलन हवं ते धरा. व्याख्या मागाहून येतील, आधी हिशोब.

या शेतकऱ्याची किर्द चोख आहे. रोजच्या रोज लिहिलेली, पावत्या जोडलेल्या. वर्षभरात मालविक्रीचे २० आले. बियाणं, खतं, मजुरी, इंधन, दुरुस्ती यांवर १३ गेले आणि व्याजापोटी १. म्हणजे शेतीच्या कामातून ६ उरले. मग त्याने ६ ला नवं यंत्र घेतलं. त्यासाठी ४ चं कर्ज काढलं, जुनं यंत्र १ ला विकलं. आधीच्या कर्जाच्या मुद्दलाचे २ फेडले आणि घरखर्चासाठी ३ उचलले. वर्षाच्या सुरुवातीला हातात २ होते, अखेरीलाही २ च आहेत. त्याला विचारा, वर्ष कसं गेलं? तो म्हणेल, उत्तम गेलं. घर चाललं, हप्ते वेळेवर गेले, दारात नवं यंत्र उभं राहिलं आणि हातची शिल्लकही तेवढीच राहिली.

यातलं एक वाक्यही खोटं नाही. आणि तरी त्या वर्षी त्याला २ चा तोटा झालेला आहे.

आता कोठारात जाऊ. वर्ष सुरू झालं तेव्हा कोठारात ६ चं धान्य पडून होतं. वर्ष संपलं तेव्हा २ चं उरलं. म्हणजे विक्रीच्या २० मधले ४ हे आधीच्या हंगामाच्या मेहनतीचे होते. यंदा पिकलं त्यापेक्षा विकलं जास्त. शिवाय गेल्या वर्षी उधारीवर दिलेल्या मालाचा १ यंदा वसूल झाला. तेही यंदाचं उत्पन्न नव्हे. २० तून ४ आणि १ काढा. यंदाचं खरं उत्पन्न १५.

खर्चाकडे वळू. १३ रोखीने दिले हे खरं, पण खत-औषधवाल्याची उधारी वर्षाच्या सुरुवातीला १ होती ती अखेरीला २ झाली. म्हणजे यंदा वापरलेल्या मालाचे आणखी १ द्यायचे राहिलेत. खर्च १३ नव्हे, १४. त्यात व्याजाचा १ मिळवा. आणि यंत्रांची झीज, म्हणजे घसारा, २. एकूण १७. पंधरातून सतरा गेले की काय उरतं ते सांगायला मला खडू लागत नाही.

इथे हमखास कोणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, घसारा हा कागदावरचा खर्च आहे, तो खिशातून कुठे जातो? आत्ताही समोरून तोच प्रश्न आलाय. यंदा जात नाही, बरोबर. यंत्र घेतलं त्या दिवशी तो सगळा एकदम गेला, किंवा कर्जाच्या रूपाने पुढे जायचा आहे. घसारा म्हणजे त्या खर्चाचा यंदाचा वाटा. ६ चं यंत्र दहा वर्षं चालणार असेल आणि शेवटी भंगारात १ मिळणार असेल, तर ५ ची वाटणी दहा वर्षांत करायची. वर्षाला अर्धा. यंत्र घेतलं त्या वर्षी अख्खे ६ खर्चात टाकले तर ते वर्ष उगाच बुडीत दिसतं आणि पुढची नऊ वर्षं उगाच भरभराटीची दिसतात. करासाठी घसाऱ्याचे दर वेगळे असतात, ते कायद्याप्रमाणे दाखवावेत. पण स्वतःला विचारायचा प्रश्न एकच, हे यंत्र आपल्या रानात खरोखर किती वर्षं टिकणार?

आता ताळेबंद, म्हणजे एका ठरलेल्या दिवशी आपल्याकडे काय आहे आणि आपण काय देणं लागतो याचं चित्र. फळ्यावर दोन रकाने आखतो, वर्षारंभ आणि वर्षअखेर. आरंभी रोख २, धान्य ६, येणी १, यंत्रं १२, जमीन ४०. एकूण मालमत्ता ६१. देणी, उधारी १ आणि कर्ज १० मिळून ११. राहिले ५०, ते त्याचं स्वतःचं भांडवल. वर्षअखेरीला रोख २, धान्य २, येणी काही नाही. यंत्रं बारात सहा मिळवा, विकलेलं एक वजा करा, झिजलेले दोन वजा करा, १५ झाली. जमीन ४०. एकूण ५९. देणी, उधारी २ आणि कर्ज १२, म्हणजे १४. स्वतःचं भांडवल ४५.

पन्नासाचे पंचेचाळीस झाले. हे पाच गेले कुठे? तोट्याचे २ आणि घराने उचललेले ३. आकडा आकड्याला भिडला. नफा-तोटा पत्रक, म्हणजे मघाचा १५ आणि १७ चा हिशोब, दोन ताळेबंदांच्या मधली गोष्ट सांगतं. ती गोष्ट दोन्ही टोकांशी जुळत नसेल तर कुठेतरी काहीतरी नोंदवायचं राहिलंय, हे हमखास समजा. घरखर्चाची उचल शेतीच्या खर्चात मिसळली की हाच ताळा बिघडतो, म्हणून ती वेगळी लिहायची. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त हिशोब इथेच फसतात.

व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञाने दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायची, पद्धत छापील ग्रंथात मांडली. त्यात व्यापाऱ्याला सांगितलेलं पहिलं काम नोंदी करण्याचं नाही. आधी आपल्याकडे काय काय आहे आणि आपण कोणाचं काय देणं लागतो, त्याची यादी करायला तो सांगतो. पाचशे वर्षांनीही शेतकऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं. रोजची वही ठेवणं जमत नसेल तर एक वेळ चालेल, पण वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, कोठार मोजा, जनावरं मोजा, येणी-देणी लिहा. तारीख दरवर्षी तीच हवी. शक्यतो अशी निवडा की त्या वेळी शेतात उभं पीक कमीत कमी आणि कोठारातला साठाही थोडा असेल, म्हणजे अंदाजाने किंमत लावायच्या गोष्टी कमी राहतात. उभं पीक असलंच तर त्यावर आजवर झालेला खर्च धरा. कापणीनंतर काय भाव मिळेल ते स्वप्न ताळेबंदात नको.

सजीव मालमत्तेचं काय, हा प्रश्न मोठमोठ्या लेखापालांनाही सुटता सुटला नाही. घरच्या गाईचं वासरू वर्षभरात वाढतं, त्याची किंमत वाढते, विक्री मात्र झालेली नसते. ही वाढ उत्पन्न म्हणायची का? आंतरराष्ट्रीय लेखामानकांपैकी, म्हणजे हिशोब मांडण्याच्या नियमांपैकी, ४१ क्रमांकाचं मानक शेतीसाठी आहे आणि ते २००३ पासून लागू झालं. ते म्हणतं, हो, म्हणायची. जनावर असो वा पीक, त्याची बाजारातली रास्त किंमत घ्या, विक्रीचा खर्च वजा करा आणि वर्षभरात झालेला फरक नफ्या-तोट्यात दाखवा. पण मग रबराच्या, तेलमाडाच्या मळेवाल्या कंपन्यांनी तक्रार केली. आमचं झाड आम्ही विकत नाही, फक्त त्याचं उत्पादन घेतो, मग दरवर्षी त्याचा बाजारभाव कशाला लावायचा? ते पटण्यासारखंच होतं. २०१४ मध्ये मानक बदललं आणि १ जानेवारी २०१६ पासून अशी फळ देणारी झाडं यंत्रासारखी धरली जाऊ लागली. त्यांची मूळ किंमत लिहायची आणि दरवर्षी घसारा काढायचा. झाडावरचं फळ मात्र जुन्याच नियमात राहिलं. तुमच्या-माझ्या आकाराच्या शेतावर हे मानक कोणी लादत नाही. पण त्यामागचा विचार उचलण्याजोगा आहे. विकण्यासाठी वाढवलेलं जनावर आणि दूध किंवा पिल्लं देण्यासाठी ठेवलेलं जनावर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारातली गाय विकून आलेले पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे. तुम्ही यंत्रसामग्री विकताय.

आता मूळ प्रश्नाकडे परत येतो. तोटा झाला तर मग शेतीतून ६ रोख शिल्लक आली कशी? रोख प्रवाह पत्रक नेमकं हेच उलगडतं. त्याचे तीन भाग असतात, शेतीच्या कामातून, गुंतवणुकीतून आणि कर्ज-भांडवलातून. आपल्या शेतकऱ्याचे हे तीन आकडे अधिक ६, वजा ५ आणि वजा १ आहेत. बेरीज शून्य, म्हणून हातची शिल्लक जशीच्या तशी. पहिल्या आकड्याची फोड करा. तोटा वजा २, त्यात घसाऱ्याचे २ परत मिळवा, कारण ते रोखीने गेलेच नव्हते. झालं शून्य. म्हणजे यंदाच्या शेतीने स्वतःहून एक छदामही दिला नाही. मग सहा आले कुठून? कोठार रिकामं करून ४, जुनी उधारी वसूल करून १ आणि खतवाल्याला थांबवून १. चार, एक आणि एक, सहा.

हे पुढच्या वर्षी पुन्हा करता येणार नाही. कोठारात आता २ च उरलेत, वसूल करायला काही नाही आणि खतवाला एका मर्यादेपलीकडे थांबत नसतो.

याची चाहूल ताळेबंदात एका भागाकारात दिसते. वर्षभरात रोख होऊ शकेल ते भागिले वर्षभरात द्यायचं ते. कर्जाचा पुढच्या वर्षीचा मुद्दलाचा हप्ता खालच्या आकड्यात धरायचा, हे बरेच जण विसरतात. आरंभी वर ९ होते आणि खाली उधारी १ व हप्ता २ मिळून ३. तिप्पट. निवांत झोप लागावी इतकं. अखेरीला वर ४ आणि खाली उधारी २ व नव्या कर्जामुळे वाढलेला हप्ता ३, मिळून ५. भागाकार ०.८. हाताशी असलेलं सगळं विकलं तरी देणी पुरी फिटत नाहीत.

आणि त्याच वेळी एकूण देण्यांचं मालमत्तेशी प्रमाण पाहा. ११ भागिले ६१ म्हणजे १८ टक्के, ते झालं १४ भागिले ५९ म्हणजे जेमतेम २४ टक्के. कर्ज देणारा हे पाहून खूश होईल, अजून द्यायलाही तयार होईल. जमिनीमुळे हा माणूस श्रीमंत आहे आणि तरी हप्ता भरायला त्याच्याकडे पैसे नाहीत. शेतीत ही जोडी नेहमीची आहे. त्यात जमिनीचा भाव वाढला की गोंधळ आणखी वाढतो. समजा ४० ची जमीन बाजारात ५० ची झाली. ताळेबंदात भांडवल ४५ चं ५५ दिसेल आणि वाटेल, आपण पाचने पुढे गेलो! प्रत्यक्षात भांडवल तर पाचने घटलंय. म्हणून जमिनीला दोन रकाने द्या, एक खरेदीच्या किमतीचा, दुसरा आजच्या भावाचा. भाव वाढून फुगलेला भाग वेगळा लिहा, कमाईत मिसळू नका.

घरच्या माणसांच्या श्रमाबद्दल एवढंच सांगतो की नफ्याच्या आकड्यात त्यांची मजुरी धरलेली नसते. ४ चा नफा झाला आणि घरातले दोघं वर्षभर राबले असतील, तर तो नफा आहे की मजुरी, हे बाहेर त्या दोघांना काय मिळालं असतं त्यावरून ठरतं. पीकवार हिशोबही जरूर करा. पण एकाच यंत्राचा खर्च चार पिकांवर कसा वाटलात त्यावर कोणतं पीक तोट्यात दिसेल ते अवलंबून असतं, तेव्हा त्या आकड्यावर एखादं पीक बंद करण्याआधी ते बंद केल्याने कोणता खर्च खरोखर थांबणार आहे ते पाहा.

मग आपल्या शेतकऱ्याने काय करावं? यंत्र घेतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याची गरजही असेल. पण ६ चं यंत्र घेताना कर्ज ४ चंच काढलं आणि जुन्या यंत्राचा १ धरूनही उरलेला १ खेळत्या पैशातून गेला. वर हप्ता असा ठरवला की तो पुढच्याच वर्षी अंगावर येतो. दहा वर्षं चालणाऱ्या वस्तूचं कर्ज तिच्या आयुष्याला साजेशा मुदतीत फेडायचं, हे त्याने तेव्हाच मागायला हवं होतं. आता मुदत वाढवून मागावी. ताळेबंद जवळ असेल तर ती मागणी करताना कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत, २४ टक्के हा आकडाच त्याच्या बाजूने बोलतो. आणि पेरणीपूर्वी पुढच्या बारा महिन्यांचा रोखीचा तक्ता करावा, महिन्याला एक ओळ, येणारे इतके, जाणारे इतके. कोणत्या महिन्यात खड्डा पडतोय ते त्यात आधी दिसेल, आणि हप्त्याचा महिना नेमका त्या खड्ड्यात येत असेल तर तोही बदलून घेता येईल.