पहिल्या लेण्यातला अंधार: रॉ की जेपेग?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून पाऊल टाकले की क्षणभर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग हळूहळू वीस खांबांचे सभागृह उलगडते आणि गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या बाजूला, हाती निळे कमळ धरून मान किंचित झुकवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आकार घेऊ लागतो. पाचव्या शतकातील ही चित्रे जपण्यासाठी येथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. छायाचित्रकाराला मात्र मिळेल तेवढ्या मंद प्रकाशात, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवून, श्वास रोखून काम करावे लागते. आणि शटर दाबण्यापूर्वी त्याने कॅमेऱ्याच्या मेनूत छायाचित्र साठवण्याच्या दोन प्रकारांपैकी रॉ निवडले आहे की जेपेग, यावर घरी परतल्यावर त्याच्या हाती काय उरेल हे बऱ्याच अंशी ठरते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. त्याला कळते ते केवळ प्रकाशाचे प्रमाण. म्हणून बहुतेक सेन्सरांत प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच सूक्ष्म गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने टिपलेल्या या मोजमापांची जवळजवळ जशीच्या तशी साठवण. ते अजून छायाचित्र नव्हे.

जेपेगमध्ये ते छायाचित्र कॅमेरा स्वतःच तयार करतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट, नॉइज (चित्रातले दाणे) कमी करणे, कडा धारदार करणे हे सारे निर्णय तो क्षणार्धात घेतो. मग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतील डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतो. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित १९७४ च्या एका शोधनिबंधात मांडले गेले, आणि त्याच्या तीन लेखकांपैकी पहिले नासिर अहमद हे मूळचे बेंगळुरूचे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. या गणितामुळेच फाइल इतकी लहान होते, पण एकदा गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

पद्मपाणीच्या चेहऱ्यापाशी हा फरक नेमका दिसतो. त्या चित्रकारांनी गालाची गोलाई रेषेपेक्षा छटांच्या अत्यंत हळुवार उतारातून साकारली आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारा भाग संगणकावर उजळू लागलो की जेपेगमधला तो उतार तुटतो आणि गालावर पट्टे उमटतात. रॉमध्ये तो बराच काळ अखंड राहतो. व्हाइट बॅलन्सचेही तेच. दारातून येणारा दिवसाचा प्रकाश आणि आतल्या दिव्यांचा प्रकाश यांच्या मिश्रणात गेरूचा खरा रंग कोणता, हे कॅमेऱ्याने घाईने ठरवण्यापेक्षा आपण शांतपणे ठरवावे, हे माझे ठाम मत आहे.

मात्र रॉ म्हणजे चुकांची माफी नव्हे. हललेला हात, चुकलेला फोकस किंवा पूर्णपणे जळलेला हायलाइट (अतिप्रकाशाने पांढरा पडलेला भाग) कोणत्याही फाइलमधून परत येत नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसते ते रॉचे नव्हे, तर त्यावरून बनवलेल्या जेपेगचे रूप असते. म्हणून संगणकावर तीच फाइल फिकी दिसली तर घाबरून जाऊ नये.

आता आषाढी वारीत, पुरंदवड्याच्या गोल रिंगणात उभे राहू. माउलींचा अश्व काही क्षणांत समोरून निघून जातो. सेकंदाला दहा फ्रेम या वेगाने रॉ टिपत राहिले, तर अनेक कॅमेऱ्यांचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरतो आणि नेमक्या क्षणी शटर अडखळते. प्रकाश भरपूर आहे आणि छायाचित्र संध्याकाळच्या आत वृत्तपत्राकडे पोहोचायचे आहे, अशा वेळी एक्स्पोजर काळजीपूर्वक साधून जेपेग टिपणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. रॉयटर्सने तर २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली छायाचित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून टिपलेली पाठवा, असे कळवले होते. वेग आणि विश्वासार्हता ही त्यामागची कारणे होती.

लेण्यातील कामात मात्र घाई नसते, आणि तेथे दोन्ही फाइल एकत्र टिपण्याची सोय वापरावी. कार्डावर जागा अधिक लागते, पण दोन्हींचे काम वेगळे आहे. जेपेग आज कोणत्याही फोनवर उघडते. रॉची रूपे कंपनीगणिक निराळी असतात, म्हणून दीर्घकाळ जपायच्या प्रतीसाठी अडोबीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या डीएनजी रूपाचा विचार करावा, आणि मूळ रॉ फाइलही वेगळ्या डिस्कवर राहू द्यावी. भिंतीवरील रंगाचा एखादा पोपडा पुढे गळून पडला, तर तो जागेवर असतानाची सर्वांत तपशीलवार नोंद त्या डिस्कवर असेल.