बांधाला बांध

नमस्कार मंडळी. निम्मं सभागृह मरून रंगात, निम्मं बर्न्ट ऑरेंजमध्ये, आणि तिसऱ्या रांगेत एक जोडपं मध्ये खुर्ची सोडून बसलंय! (हशा) म्हणजे मरूनवालं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ म्हणजे काय, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे नारिंगी लाँगहॉर्न्स म्हणजे काय, हे ह्यूस्टनमधल्या या खोलीत सांगत बसायला नको. जाहीर केलेला विषय आहे 'कॉन्फरन्सची फेरमांडणी आणि जुनी वैरं'. कॉन्फरन्स म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. त्याकडे येतोच. पण आधी एक शब्द घेतो, कारण माझं सगळं म्हणणं त्याच शब्दात आहे: भावकी.

गावाकडे बांधाला बांध लागलेला असतो. एक वीत बांध सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, पंगतीत एकमेकांकडे पाठ करून बसतात. पण घरात कुणी गेलं की दारात पहिली उभी राहते ती भावकीच. खांदा तीच देते, दहा दिवस सुतक तीच धरते. कॉलेज फुटबॉलमधली जुनी वैरं ही भावकी आहे. लांबच्या माणसाशी स्पर्धा होऊ शकते, पण असं वैर धरायला शेजार लागतो.

हे मला कुठल्या वाचनातून कळलेलं नाही. 1999 साली मी कॉलेज स्टेशनला, ए अँड एममध्ये, एमएस करत होतो. टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी बॉनफायर, म्हणजे ओंडक्यांची मोठी होळी, पेटवायची परंपरा 1909 पासूनची. त्या वर्षी एका शनिवारी मीही लाकूड तोडायला गेलो होतो. कुऱ्हाड धरायची सवय नाही, दोन्ही तळव्यांना फोड आले, आणि शेजारचा टेक्सन मुलगा स्वतःचे हातमोजे काढून मला देत म्हणाला, "घाल." सुमारे 5,000 ओंडक्यांचा तो ढीग जवळजवळ 60 फूट उंच चढला होता. खाली उभं राहिलं की ओल्या लाकडाचा वास यायचा.

18 नोव्हेंबरला पहाटे 2:42 वाजता तो कोसळला. 12 जण गेले, 27 जखमी झाले. यंत्रानं ओंडके ओढले तर खाली अडकलेल्यांवर उरलेला ढीग येईल, म्हणून बरेचसे हातानं उचलले. ए अँड एमच्या फुटबॉल संघातली पोरंही खांद्यावरून लाकडं वाहत होती.

त्या दिवशी दुपारी ऑस्टिनहून माझ्या वर्गमित्राचा फोन. "अरे, तू बरा आहेस ना? घरात कितीजण आहात? आम्ही निघालोय." दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकत तिघं आले. पातेलंभर पिठलं आणि फडक्यात बांधलेल्या पोळ्या. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणतात, तसंच. तिघांनीही साधे पांढरे शर्ट घातले होते. एरवी नारिंगीशिवाय आमच्या घरात पाऊल न टाकणारी मंडळी! मी ते पिठलं उभ्याउभ्या खाल्लं. त्याची चव अजून जिभेवर आहे.

टेक्सासच्या विद्यार्थ्यांची एक रॅली असते, लाल मेणबत्त्या लावून आम्हाला शाप देण्याची. त्या वर्षी त्यांनी शाप बाजूला ठेवला आणि शोकसभा घेतली. 25 तारखेला, ज्या रात्री होळी पेटायची, त्या रात्री त्याच जागी 40,000 माणसं हातात मेणबत्ती घेऊन गप्प उभी होती. दुसऱ्या दिवशी सामना. मध्यंतरात टेक्सासचा बँड मैदानात आला, शोकधून वाजवली, आणि ओळीच्या ओळीनं सगळ्यांनी डोक्यावरच्या पांढऱ्या हॅट काढल्या. 86,000 माणसांत खोकल्याचाही आवाज नव्हता. आम्ही 20-16 जिंकलो, पण मनात घर करून राहिल्या त्या हॅट. ही माणसं परकी असती तर बँडनं दोन मिनिटं उभं राहून ठरलेली धून वाजवली असती आणि निघून गेला असता. ते आमच्या घरातलं कुणी गेल्यासारखे आले होते.

आणि हेच नातं 2011 मध्ये तोडलं. ए अँड एम बिग ट्वेल्व्ह ही दोघांची कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघालं. टेक्सासनं ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी स्वतःच्या वाहिनीचा 20 वर्षांचा, 30 कोटी डॉलरचा करार केला होता, त्यावरून धुसफूस होतीच. 24 नोव्हेंबर 2011, आमचं मैदान काईल फील्ड, शेवटची किक टेक्सासच्या जस्टिन टकरची, टेक्सास 27-25. 1894 पासून 118 सामने झाले होते. मग 13 वर्षं काही नाही.

माझी मुलगी 2016 ते 2020 ए अँड एमला होती. दर शनिवारी हजारो पोरांच्या खांद्यात हात गुंफून, डावी-उजवीकडे डोलत ती टेक्सासची, म्हणजे त्यांच्या लाँगहॉर्न बैलाची, शिंगं कापायचं गाणं म्हणायची. स्टेडियमचा वरचा मजला हलतो, पायाखाली जाणवतं. पण चार वर्षांत तिनं टेक्सासचा संघ त्या मैदानात एकदाही पाहिला नाही. मला विचारायची, "बाबा, खरंच यायचे का ते इथे?" एका पिढीला भावकीची फक्त नावं ऐकायला मिळाली, याचा मला आजही राग आहे. तेव्हा आमच्या बाजूचे कित्येक जण 'बरं झालं' म्हणत होते, त्यांच्यावरही आहे.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मूळ विषय आता भराभर सांगतो.

हे घडलं कशानं? 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली. प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांकडे आणि पुढे कॉन्फरन्सकडे आले. एकेकाळी कॉन्फरन्स म्हणजे बसनं जाऊन रात्री परत येता येईल असा शेजार होता, आता ती टीव्हीला माल विकणारी संघटना झाली. बिग टेन या कॉन्फरन्सनं 2022 मध्ये सात वर्षांसाठी 7 अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्याच कॉन्फरन्समध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं गेली, आज ती न्यू जर्सीच्या रटगर्सशी एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी)! 1915 पासूनची पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स 2023 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत फुटली, मागे उरली दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट 1910 पासून दरवर्षी खेळत. 4 नोव्हेंबर 2023 ला स्टेटनं 27-24 नं जिंकलं आणि तो क्रम तिथेच तुटला.

पैसा नको, असं मी म्हणत नाही. त्यातून इतर खेळांच्या शिष्यवृत्त्या चालतात. माझा आक्षेप एवढाच की कॉन्फरन्स बदलली म्हणून शेजाऱ्याशी खेळणं थांबायची गरज नव्हती. साउथ कॅरोलायनानं 1971 मध्ये एसीसी सोडली, तरी क्लेमसनशी सामना चालू राहिला. जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक, फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट, सगळे वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, तरी खेळतात. आयोवा आणि आयोवा स्टेट 1934 नंतर 43 वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत. 1977 मध्ये पुन्हा सुरू झाले, आज कॉन्फरन्स वेगळ्या असूनही खेळतात. मनात आणलं तर जमतं.

आपल्याकडे टेक्सासही एसईसीमध्ये आल्यावर 30 नोव्हेंबर 2024 ला सामना परतला. टेक्सास 17-7. हरलो, तरी मी मुलीला घेऊन गेलो होतो, आणि नारिंगी माणसं दारातून आत येताना तिचा चेहरा बघत राहिलो. पण हा सामना आज आहे तो दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत म्हणून. उद्या पुन्हा पैशावरून कुणी उठून गेलं तर? म्हणून माझी मागणी: कॉन्फरन्स कुठलीही असो, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला हा एक सामना दोन विद्यापीठांनी आपसांत दीर्घ मुदतीच्या करारानं बांधून घ्यावा. दोन्हीकडचे रीजंट्स, म्हणजे विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्य, गव्हर्नर नेमतो, म्हणजे दाद मागायला जागा आहे.

या मागणीच्या पत्राचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय. मरूनसाठी वेगळा आणि नारिंगीसाठी वेगळा असा काढलेला नाही, कागद एकच आहे. ऑस्टिनच्या त्या मित्राची सही सकाळीच झाली आहे, तिच्याखाली माझी आहे. त्याखाली तुमची घाला.