सरावलेलं अस्वल, चटावलेलं अस्वल

नमस्कार मंडळी. आत येताना दारातच एकांनी मला गाठून विचारलं, अस्वल समोर आलं तर पळायचं का? पळायचं नाही हो. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या अंगातच असतं आणि वेगात आपण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण अस्वलं बघायला चांगल्या गाइडबरोबर गेलात तर पळू की नको ही वेळ सहसा येतच नाही, आणि ती का येत नाही तेच आज सांगायचंय, आधी अस्वलांचं आणि मग देवमाशांचं.

अलास्कात मॅकनील नावाची नदी आहे. तिथवर रस्ता नाही, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जायचं, तंबूत राहायचं आणि रोज चिखल तुडवत धबधब्यापर्यंत चालायचं. जुलैमध्ये चम जातीचे सालमन मासे धबधबा चढायला लागले की तपकिरी अस्वलं जमतात, आणि किती म्हणाल तर एका वेळी 70 च्या वर मोजलेली आहेत. एरवी हा एकलकोंडा प्राणी, पण मासाच एवढा असतो की भांडत बसायला वेळ कुणाकडे आहे.

ही जागा 1967 साली अभयारण्य झाली, पण सुरुवातीला येणाऱ्यांवर धड बंधन नव्हतं, लोक वाट्टेल तिथं हिंडायचे, कॅमेरे लावायचे, आणि अस्वलं यायची कमी झाली. मग 1973 पासून लॉटरीनं परमिट सुरू झालं. दिवसाला फक्त 10 माणसं आणि सोबत अभयारण्याचा माणूस. तेव्हापासून आजवर तिथे आलेल्या एकाही पाहुण्याला अस्वलानं इजा केलेली नाही. धबधब्याजवळ बसलेल्या माणसांपासून काही पावलांवर अस्वलं मासा खातात, माद्या पिल्लांना दूध पाजतात, तरीही.

आता यात जादू काय? काही नाही, कंटाळवाणं काम आहे सगळं. रोज तीच वाट, साधारण तीच वेळ, तीच बसायची जागा. दहाजण एकत्र चालणार, एकत्र बसणार, कुणी लघवीला जरी उठलं तरी आधी गाइडला सांगणार. अस्वलाच्या बाजूनं विचार करा, हे दोन पायांचे प्राणी येतात, बसतात, काही देत नाहीत, काही घेत नाहीत, निघून जातात. म्हणजे नदीकाठचा दगडच झाला की हो तो. याला मी सरावणं म्हणतो. सरावलेलं अस्वल वेगळं आणि चटावलेलं अस्वल वेगळं, आणि आपल्या डोक्यात या दोन्हीचा पार गोंधळ असतो. माणसाच्या पिशवीत खाऊ असतो हे एकदा अस्वलाला कळलं की ते चटावलं, मग ते तंबू फाडणार, आणि शेवटी गोळी कुणाला लागते ते वेगळं सांगायला नको.

म्हणून तर अलास्कातल्याच कॅटमाई नॅशनल पार्कात ब्रुक्स कॅम्पला उतरलात की आधी अस्वलांची शाळा, मग बाकी सगळं. अस्वलापासून 50 यार्ड, म्हणजे 45 मीटर लांब राहायचं, खाणं ठरलेल्या जागीच खायचं. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम तिथे गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी आहे. मासा लागला आणि तेवढ्यात अस्वल येताना दिसलं तर दोरी तोडून मासा सोडून द्यायचा. कारण त्या धडपडणाऱ्या माशाचा आवाज आणि माणूस यांची जोडी अस्वलाच्या डोक्यात एकदा बसली की ते प्रत्येक गळवाल्याकडे वसुलीला येणार! लोकांना जिवावर येतं ते, एवढा मोठा मासा सोडायचा म्हणजे काय.

गाइडकडे बंदूक असते, सगळ्यांचे फोटो तिचेच. मी सांगतो, गाइडची मान बघा. समोर अस्वल मासा फाडत असतं, आपण सगळे तोंड उघडं टाकून बघतोय आणि हा गृहस्थ मात्र मागे वळून आपल्याकडेच बघतोय. तो अस्वलं सांभाळत नसतो, आपल्याला सांभाळत असतो.

आता देवमासे. इथे हिशेब जरा बदलतो, कारण दगडासारखं गप्प बसायची सोय नाही, बोटीला इंजिन असतं. पाण्यात आवाज लांब जातो आणि ऑर्का, म्हणजे ते काळे-पांढरे दातवाले देवमासे, तर आवाजानंच शिकार शोधतात, टकटक आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठेय ते ओळखायचं. अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याला जे सालमनखाऊ ऑर्का फिरतात ते आता जेमतेम 75 च्या आसपास उरलेत. त्यांचा आवडता चिनूक सालमन कमी झाला हे मोठं कारण, पण बोटींचा गोंगाट हेही एक आहे. बोट जवळ आली की माद्या शिकार सोडून देतात असं दिसलंय. म्हणून वॉशिंग्टननं 2025 पासून त्यांच्यापासून 1000 यार्ड लांब राहायचा कायदा केला, म्हणजे 900 मीटरच्या वर. एवढ्या लांबून काय दिसणार असं तुम्ही म्हणाल. दुर्बीण घ्या ना! आणि तिथेच सील खाणारे दुसरे ऑर्काही आहेत, त्यांची संख्या बरी आहे.

हम्पबॅक जातीचे देवमासे बघायला अलास्काच्या आग्नेय भागात जातात. त्यातले बरेच हिवाळा हवाईत काढून उन्हाळ्यात इकडे खायला येतात. तिथे चांगला कप्तान पाण्याकडे बघत असतो. देवमाशानं खोल बुडी मारली की शेपटीच्या फटकाऱ्यानं वर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत चट्टा उमटतो, तो बघायचा, घड्याळ बघायचं आणि थांबायचं. कुठे बाहेर येईल याच्या मागे धावणारा कप्तान भेटला तर समजा चुकीच्या बोटीत बसलोय. पाठलागात देवमासा लांब जातो, डिझेल जळतं आणि आपल्याला फक्त पाठ दिसते.

याच्या उलट गंमत मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियातल्या सान इग्नासिओच्या खाडीत. करडे देवमासे तिथे पिल्लं वाढवायला येतात. 1850 च्या दशकात याच किनाऱ्यावरच्या खाड्यांमधून शिकाऱ्यांनी त्यांची कत्तल केली, पिल्लाला भाला मारला की आई बोटीवर चालून यायची, म्हणून शिकारी त्यांना सैतान म्हणायचे. कोळी लोकही त्यांना टरकून असत. आणि 1972 साली पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीशी एक देवमासा आला आणि जाईचना, शेवटी यानं हात लावला. आज तिथे माद्या पिल्लांना होड्यांपाशी घेऊन येतात. का येतात कुणास ठाऊक, खाणं तर कुणीच देत नाही. होडीवाला जागच्या जागी थांबतो, यायचं की नाही ते देवमासा ठरवतो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या सैतानाचं पिल्लू येऊन नाक पुढे करतं म्हणजे कमालच.

आता माझं सांगतो. अलास्कातला माझा देवमाशांचा पहिला दिवस सगळा धुक्यात गेला. दहा फुटांपलीकडचं दिसेना. कप्तानानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, गप्प बसा. पंधरा मिनिटं काही नाही, एकजण पैसे परत मागायच्या गोष्टी करायला लागला. तेवढ्यात डावीकडून फुस्स, मोठ्या गाडीचं चाक पंक्चर व्हावं तसा आवाज, आणि मागोमाग जो वास आला ना, नासक्या माशांचा, की सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. तो फवारा म्हणजे त्याचा उच्छ्वासच, पाणी नव्हे. दिसला काही नाहीच शेवटपर्यंत. पैसे मागणारा मात्र रुमालाआडून हसत होता.

हं, आता विचारा काय विचारायचंय ते.